उघडे बोट

रक्त घेण्याच्या खोलीत तिला सगळे पाणाडीण म्हणत. जमिनीखालचे पाणी एखाद्याच्या तळव्याला कळावे, तशी कातडीखालची शीर तिच्या डाव्या तर्जनीला कळे. इतरांनी हात टेकले की शिरा तिच्याकडे येत. औषधांनी करपलेल्या शिरा, म्हातारपणाने बोटाखालून सरकणाऱ्या शिरा, आणि तान्ह्या बाळांच्या, ज्या आहेत असे केवळ मानायचे असते. ती डोळे किंचित मिटून बोट ठेवी, दाबी, सोडी, आणि मग सुई अशी जाई की रुग्णाला बोलता बोलता वाक्यही तोडावे लागत नसे.

या कौशल्याची एक किंमत होती आणि ती तिने कधी मोजली नव्हती. हातमोजे चढवले की ती कात्रीने डाव्या तर्जनीचे टोक नीट कापून टाकी. कुणी टोकले तर म्हणे, “मोज्यात बोट आंधळं होतं. आंधळ्याला वाट विचारू का?” नव्याने आलेल्या मुलींना ती स्वतः अख्खे मोजे घालायला लावी. नियम नवशिक्यांसाठी असतात आणि हात मुरला की नियमही मुरतो, असे तिला मनोमन वाटत असावे.

त्या दिवशी खुर्चीत एक पुस्तकबांधणीवाले काका होते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या होत्या. बोटांच्या पेरांत सरसाचा पिवळट रंग मुरलेला, आणि हातावरच्या शिरा अशा की नुसत्या नजरेने एकही दिसू नये. “पूर्वी कावीळ वगैरे?” तिने नेहमीप्रमाणे विचारले. “काही नाही,” ते खिडकीकडे पाहत म्हणाले. तिने शीर शोधली, नळी भरली, सुई बाहेर काढली. आणि नेमके त्याच क्षणी बाहेरच्या बोळात कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला. काका दचकले. त्यांचा हात उसळला, आणि सुईचे टोक तिच्या उघड्या तर्जनीत गेले.

दुखले असे नाही. एक लाल ठिपका उगवला, पूर्णविरामाएवढा.

“पिळ, पिळ, पिळून काढ ते,” शेजारच्या टेबलावरची मैत्रीण पुढे धावली.

“पिळायचं नसतं,” ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. हे वाक्य तिने इतक्या जणींना शिकवले होते की ते आपोआप बाहेर पडले. सुई तिने सुयांच्या डब्यात टाकली, मोजे काढले आणि नळाखाली हात धरला. साबण, वाहते पाणी, पुन्हा साबण. पाणी बोटावरून जात राहिले आणि ती त्याकडे, दुसऱ्या कुणाच्या तरी बोटाकडे पाहावे तशी, पाहत राहिली.

येत्या आठवड्यात तिच्या यकृताचा मोठा तुकडा काढून तिच्या दादाला लावायचा होता.

दादाही एके काळी याच कामात होता. त्या काळात हातमोजे कपाटात कुलूपबंद असत आणि तपासणीला साहेब आले की पाहुण्यांच्या कपबशांसारखे बाहेर निघत. अशाच एका टोचणीचे रक्त त्याने पँटला पुसले आणि विसरून गेला. रक्तातून शिरलेली ‘बी’ प्रकारची कावीळ मात्र त्याला विसरली नाही. ती वर्षानुवर्षे आवाज न करता राहिली आणि तिने त्याच्या यकृताचा दगड केला. म्हणूनच बहिणीच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याने तिला दारातूनच लसीच्या खोलीत नेले होते. “आधी टोचून घे, मग ॲप्रन घाल,” तो म्हणाला होता. सगळे डोस तिने घेतले. नंतर रक्त तपासून लस लागू पडल्याची खात्रीही त्यानेच करून घेतली. त्यामुळे ‘बी’ची तिला भीती नव्हती. पण शिरेत शिरणारे एवढे एकच नसते.

नळ चालू होता. टोचलेले पाहिले ते एका मैत्रिणीने, आणि मैत्रीण गप्प बसली असती. बोलले तर शस्त्रक्रिया थांबणार, हे ती जाणून होती. गप्प राहिले आणि आत काही शिरले असेल, तर ते तिच्याच हातून दादाच्या अंगात जाणार. तेही त्याच्या शरीराची राखण औषधांनी झोपवलेली असताना. देणाऱ्याने देताना डब्यात विंचू ठेवावा तसे.

तिने नळ बंद केला आणि ती संसर्ग-नियंत्रणाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाई बुटक्या होत्या, चष्मा कपाळावर ठेवून तोच टेबलावर शोधणाऱ्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग तिने सोबत आणलेला मोजा त्यांनी चिमट्याने उचलून उजेडात धरला.

“याचं टोक कुठे गेलं?”

“कापलं, मॅडम.”

“फाटलं नाही, कापलं.”

“मोज्यातून शीर लागत नाही.”

“मोजा सुई अडवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही,” बाई म्हणाल्या. “पण सुई त्यातून आत जाते ना, तेव्हा अंगावरचं बरंच रक्त तिथेच पुसलं जातं. दारात पाय पुसल्यासारखं. तुम्ही पायपुसणंच उचलून टाकलंत. आणि तुम्ही काय नवीन आहात?”

 बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी तिचे रक्त तपासायला पाठवले आणि दादाच्या सर्जनना फोन लावला. काकांची संमती घेऊन त्यांच्या आधीच काढलेल्या रक्ताच्याही तपासण्या लावल्या. दुपारपर्यंत उत्तरे आली. ‘बी’ नव्हती. एचआयव्ही नव्हता. ‘सी’ प्रकारच्या काविळीसमोर मात्र एकच शब्द होता: रिॲक्टिव्ह.

“बसा,” बाई म्हणाल्या. ती बसली. “याचा अर्थ एवढाच, की त्यांच्या शरीराची कधीतरी त्या विषाणूशी गाठ पडलीय. शरीर अशी गाठ विसरत नाही. पाहुणा निघून गेला तरी आठवण राहते, आणि ही तपासणी आठवणीची आहे. पाहुणा अजून घरात आहे का, हे सांगणारी तपासणी निराळी. तिला ताजं रक्त लागेल.”

“आणि घरात असला तर?”

“तर तुमच्यावर लक्ष ठेवायचं. याची लस नाही, टोचल्यावर घ्यायचं इंजेक्शनही नाही. पण लागण झालीच तर आता गोळ्यांनी बहुतेक सगळे बरे होतात. तुमच्या जिवाची काळजी मला नाही.”

“माझ्या जिवाचं नाही विचारत मी.”

“ठाऊक आहे. तुम्ही संशयात असेपर्यंत सर्जन हात लावणार नाहीत. म्हणजे काही महिने.”

दादाजवळ महिने नव्हते. हे दोघींनाही माहीत होते.

जिन्याने वर जाताना तिच्या आत काहीतरी सैल झाले. पोटात आठवडेच्या आठवडे आवळून धरलेली मूठ कुणीतरी अलगद उघडली. पोट फाडले जाणार नाही. भूल दिली जाणार नाही. बरगडीखालून कमानीसारखी जाणारी ती लांब शिवण सर्जनने काढून दाखवलेल्या नकाशावरच राहील. आणि तुकडा न दिल्याचा दोष कुणी तिला देणार नाही. अपघात झाला, नशीब. या भावनेला नाव द्यायला तिला एक पायरी लागली. पुढच्या पायरीवर ते नाव तिच्या समोर उभे होते: सुटका. ती कठड्याला धरून थांबली. वरून उतरणाऱ्या एका परिचारिकेने विचारले, “बरं नाही का?” ती म्हणाली, “बरंच आहे. तोच घोळ आहे.”

दादा उशीला टेकून बसला होता. डोळ्यांचे पांढरे हळदीच्या पाण्यासारखे, पोट फुगलेले, हातपाय काटक्यांचे. वहिनी पायाशी बसून त्याचे पायमोजे सरळ करत होती. सर्जनचा निरोप त्यांना आधीच पोचला होता.

“ये, ठमे,” दादा म्हणाला. “ऐकलं. मी मोजे नव्हते म्हणून अडकलो. तू मोजे असून अडकलीस. घराण्यात प्रगती आहे.”

“अहो, तिला बसू तरी द्या,” वहिनी म्हणाली.

“बसू दे की. मी काय उठवतोय?” त्याने तिच्याकडे पाहिले. “दाखव बोट.”

तिने दाखवले. पाहण्यासारखे काही नव्हते.

“एवढंसं,” तो म्हणाला. “माझंही एवढंसंच होतं.”

 वहिनीने सरळ केलेला पायमोजा पुन्हा काढला आणि पुन्हा घातला.

“लोक नुसतं म्हणतात, काळजाचा तुकडा,” दादा हसायचा प्रयत्न करत म्हणाला. “जुनी माणसं यकृतालाच काळीज म्हणायची, माहितेय ना? म्हणजे मला तो शब्दशः मिळणार होता. लहानपणी अर्धं खोडरबर मागितलं तर तू ते चावून ठेवायचीस, की मी घेऊ नये. तेव्हाच कळायला हवं होतं.”

“दादा, मी मुद्दाम…”

“वेडी का खुळी? गंमत करतोय मी.” मग खालच्या आवाजात तो म्हणाला, “सांगितलंस ते बरं केलंस. गप्प राहिली असतीस तर मला कळलंही नसतं, आणि मी बराही झालो नसतो.”

हे वाक्य घेऊन ती खाली उतरली. जिन्यावर उमटलेली ती सुटका दादाला दिसली नव्हती. पण तिला वाटत राहिले की पिवळ्या डोळ्यांना जास्त दिसत असावे.

खाली आणखीच अवघड झाले होते. ताजे रक्त द्यायला काका आधी तयार झाले, मग रक्त घेणाऱ्या दोघांनी दोन्ही हातांवर प्रयत्न करूनही शीर सापडली नाही, आणि मग त्यांनी बाही खाली ओढून बटण लावले. आता पुरे, म्हणाले. बाईंनी समजावले, काकांनी मान हलवली नाही.

“तुम्ही जायचं नाही,” बाईंनी तिला बजावले. “ज्याला टोचलं त्याने जाऊन गळ घालायची नसते. त्यांचं रक्त आहे, त्यांची मर्जी.”

ती बोळातल्या बाकावर बसून राहिली. थोड्या वेळाने बाई स्वतःच बाहेर आल्या, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढत. “ते विचारतायत, ज्यांना टोचलं त्या ताई कुठे आहेत. मी त्यांना सांगितलंय की नाही म्हणायचा हक्क त्यांचा आहे. ते म्हणाले, हक्काचं नंतर बघू.”

आत काका तपासणीच्या पलंगाच्या कडेला बसले होते, चपला पायात, निघायच्या तयारीत.

“लागलं का फार?” त्यांनी विचारले.

“नाही, काका.”

“मी खोटं बोललो तुमच्याशी.” ते खिडकीकडे पाहत होते, पण या वेळी त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिले. “झाली होती मला ती कावीळ. माहीत होतं. मागे एका दवाखान्यात खरं सांगितलं, तर माझ्या कागदांना लाल चिठ्ठी डकवली. नंबर सगळ्यांच्या शेवटी. भावजयीने माझा पेला वेगळा केला, तो आजतागायत वेगळाच आहे. तेव्हा ठरवलं, आपण होऊन सांगायचं नाही. तुमच्याच भिंतीवर लिहिलंय की, प्रत्येकाचं रक्त धोक्याचंच समजा म्हणून. म्हटलं, समजतच असतील.”

“समजायला हवं होतं,” ती म्हणाली. “आम्ही समजलो असतो तर तुम्ही सांगितलं काय, न सांगितलं काय, सारखंच होतं. बोट मी उघडं ठेवलं. आणि पेल्याने ही कावीळ होत नाही, काका. तुमच्या भावजयीला सांगा.”

“तिला कोण सांगणार? ती मला सांगते.” ते किंचित हसले. “औषध घेतलं मी. सगळ्या गोळ्या, एकही न चुकवता. शेवटी एक तपासणी करायची होती, गेलं की आहे ते बघायला. तेवढी राहिली.”

“राहिली?”

“राहू दिली. आमच्याकडे पुस्तक शिवून, सरस लावून दाबात ठेवतात. लवकर काढलं तर पाठ वाकते. म्हटलं, राहू दे दाबात. काढलंच नाही, तर वाकलं की नाही कुणाला कळणार? आता मघाशी दोघांना शीर लागली नाही, तेव्हा खरं सांगू, बरं वाटलं मला. सुटलो म्हटलं.”

तिने मान खाली घातली. तोच शब्द, दुसऱ्याच्या तोंडून.

“मीही आज सुटले होते,” ती म्हणाली. “जिन्यात. माझ्या यकृताचा तुकडा भावाला द्यायचाय. तुमचं रक्त कसं निघतं त्यावर ते ठरणार आहे. थांबलं म्हणाले, आणि मला बरं वाटलं.”

काका तिच्याकडे वळले. “मग?”

“मग काही नाही. ते बरं वाटणं टिकलं नाही. भाऊ माझ्याशी गमती करत होता.” ती थांबली. “मी तुम्हाला द्याच म्हणत नाहीये. तसं म्हणायची मला परवानगीही नाही.”

“हं,” काका म्हणाले. त्यांनी बटण काढले आणि बाही वर सरकवायला सुरुवात केली. सावकाश, एकेक घडी दाबून बसवत, जशी त्यांच्या हातांना सवय होती. “मला एकट्याला ते पान उलटवत नव्हतं. दोघांचं एकच आहे म्हटल्यावर बघू.”

तिने नवे मोजे घेतले. डावे बोट आत गेले आणि कापलेल्या टोकाच्या सवयीने बाहेर येण्याची वाट पाहू लागले. ते बाहेर आले नाही. तिने रबरी पट्टा बांधला, बोट कातडीवर ठेवले. काहीच नाही. पडद्याआडून कुणी बोलावे आणि शब्द कळू नयेत, नुसता सूर कळावा, तसे. तिने घाई केली नाही. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल मागवून त्यांच्या हाताभोवती गुंडाळला, हात पलंगाखाली लोंबू दिला, त्यांना पाणी प्यायला लावले.

“पुस्तकं आता कुणी बांधून घेतं का, काका?”

“प्रबंध येतात. मुलं लिहितात, मी बांधतो, कुणी वाचत नाही. पण पाठ सरळ लागते सगळ्यांना.”

ते बोलत होते तेव्हा मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला, रबराच्या पातळ थरापलीकडे काहीतरी लवले. दाबले की दबणारे, सोडले की परत येणारे. बोट आंधळे झाले नव्हते. त्याला फक्त कधी एवढा वेळ दिला गेला नव्हता. सुई गेली. नळीत रक्त चढू लागले आणि काका प्रबंधांबद्दल बोलतच राहिले.

सुई बाहेर आली तशी तिने एका बोटाने सुईलाच जोडलेले झाकण खटकन टोकावर बसवले, सुई डब्यात टाकली, आणि मग कापसाचा बोळा दाबला. बाहेरच्या बोळात या वेळी सगळे ट्रे आपापल्या जागी होते.

त्यानंतरचा काळ कसा गेला याचे वर्णन करता येत नाही, कारण तो गेला नाही. तो नुसता होता. ती कामावर होती. माणसे येत होती, दंड उघडे करत होती, कुणी चक्कर येईल का विचारत होते. अख्खे मोजे घालून ती हळू झाली होती आणि रांग बाहेर बोळात गेली. “पाणाडीणबाई, आज विहीर खोल का?” मैत्रिणीने चिडवले. “पाणी लागतंय ना? मग झालं,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई दारात आल्या तेव्हा ती एका बाईच्या हातावर पट्टी चिकटवत होती. बाईंनी तिला पट्टी पुरी चिकटवू दिली. मग बाहेर बोलावले.

“आधी काकांना सांगून आले. पहिला हक्क त्यांचा होता,” त्या म्हणाल्या. “विषाणू सापडला नाही. अजिबात नाही. गोळ्यांनी काम केलंय. राहिलीय ती फक्त आठवण.”

 आयुष्यभर ‘सापडत नाही’ हे शब्द तिला पराभवाचे वाटत आले होते. ते असेही उच्चारता येतात, हे कानांना पटायला थोडा अवधी लागला.

“त्यांना तीनदा सांगावं लागलं मला,” बाई पुढे म्हणाल्या. “तिसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाले, लिहून द्या, भावजयीला दाखवतो. पेला परत घेतो म्हणाले.”

तेव्हा ती हसली. हसता हसता तिला भिंतीला टेकावे लागले, आणि हसणे मध्येच दुसरीकडे वळले. बाई शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी समोरच्या सूचनाफलकात फार रस घेतला.

“तुमचंही रक्त स्वच्छ आहे,” त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. “रिवाज म्हणून पुढेही तपासत राहू. सर्जनशी बोलले. ठरलेला दिवस तोच राहील. पण त्याआधी एक विचारायचंय आणि ते तुम्हाला एकटीलाच विचारायचंय. देणाऱ्याला शेवटपर्यंत नाही म्हणता येतं. तुम्ही नाही म्हणालात तर मी घरच्यांना फक्त एवढंच सांगेन की तपासणीत बसत नाही. कारण कुणाला कळणार नाही. अजून द्यायचंय?”

दार पुन्हा उघडे होते, आणि या वेळी कुणाच्याही रक्तावर त्याचा भार नव्हता. तिने आत पाहिले. भीती होती, जिथल्या तिथे. पोटातली मूठही परत आवळली गेली होती. पण जिन्यावर भेटलेली ती सुटका तिथे नव्हती. आताची निराळी होती. ती पळायला मोकळे करणारी नव्हती, जायला मोकळे करणारी होती.

“हो,” ती म्हणाली. “भीती वाटते. पण द्यायचंय.”

“भीती वाटायलाच हवी. पोट फाडतात,” बाई म्हणाल्या आणि कपाळावर चष्मा ठेवून निघून गेल्या.

वर दादाला सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा निरुत्तर झाला. वहिनी उठून न्हाणीघरात गेली आणि तिने नळ मोठा सोडला. पाण्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, तो दोघांनीही ऐकला नाही असे केले. दादाने पलंगावर सरकून तिला जागा करून दिली. ती बसली. 

“बोल की काहीतरी,” ती म्हणाली. “तुझी जीभ पण बदलायची आहे का?”

“शोधतोय,” दादा म्हणाला. त्याचा आवाज घोगरा होता. “काही सापडलं की सांगतो. तू जेवलीस का?”

ती जेवली नव्हती; सकाळपासून काही खाल्ल्याचे तिला आठवत नव्हते. न्हाणीघरातला नळ बंद झाला. वहिनी तोंड पुसत बाहेर आली आणि कुणी काही सांगायच्या आत तिने डबा उघडला.